आटपाडी काय म्हणते?

गुरुवार. साल २०१५, महिना ऑक्टोबर. मुंबईत अंधेरीच्या एका इमारतीत, काचेच्या केबिनमध्ये तुम्ही बसला आहात. बाहेर फिक्शनची टीम कॉफीच्या मशीनपाशी रेंगाळते आहे, कारण आज आकडे येणार. तुम्ही एका मराठी वाहिनीचे प्रमुख आहात आणि तुमचं गाव सांगली जिल्ह्यातलं आटपाडी.

इथवरचा रस्ता तुमच्या अंगात मुरलेला आहे. आधी क्लॅप देणारा पोरगा, मग सहायक दिग्दर्शक, मग एपिसोड डायरेक्टर. त्यानंतर एका निर्मात्याकडे प्रॉडक्शन सांभाळताना जेवणाचे डबे, जनरेटरचं डिझेल, लोकेशनचं भाडं आणि कलाकारांच्या तारखा यांचा मेळ घालण्यात वर्षं गेली. पुढे स्वतःची छोटी निर्मिती संस्था, आणि शेवटी टेबलाच्या पलीकडची खुर्ची. निर्माता होतात तेव्हा रोज एक एपिसोड वाहिनीला पोचवायचा, एवढीच काळजी होती. आता कुणी काय पोचवायचं हे तुम्ही ठरवता. साडेसातचा स्लॉट कुणाला द्यायचा, कुठल्या मालिकेची बँक, म्हणजे तयार भागांचा साठा, दोन एपिसोडवर आली, नायिकेला डेंग्यू झाला तर तिला कथेत माहेरी पाठवायचं की तीर्थयात्रेला, असले निर्णय सकाळी नऊच्या आत घ्यायचे.

आजच्या तक्त्यात एक रकाना नवा आहे: ग्रामीण. आजवर टीव्हीची मोजणी शहरांतल्या घरांपुरती होती. खेड्यातला माणूस टीव्ही बघत होता, पण हिशोबात नव्हता. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेनं या महिन्यापासून खेड्यांचे आकडेही द्यायला सुरुवात केली आहे. यंत्र साधं आहे. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. निवडक घरांत टीव्हीशेजारी बसवलेला मीटर ती खूण ओळखतो. घरातल्या प्रत्येकासाठी रिमोटवर वेगळं बटण असतं. टीव्हीपुढं बसताना आपलं बटण दाबायचं, उठताना परत दाबायचं. त्यावरून कुठल्या वयाच्या बाईनं कुठल्या मिनिटाला तुमची मालिका सोडली, ते तुमच्या टेबलावर येतं. घरं कुठली ते मात्र गुप्त, आणि ते गुप्तच असायला हवं, नाहीतर उद्या कुणीतरी त्या घरात नवा फ्रीज पोचवेल.

या एका रकान्यानं पुढची दोन-तीन वर्षं बदलणार आहेत. मालिका फ्लॅटमधून बाहेर पडून बांधावर येतील. २०१६ मध्ये ‘तुझ्यात जीव रंगला’ कोल्हापूरकडे जाईल. २०१७ मध्ये ‘लागिरं झालं जी’ सातारा जिल्ह्यातल्या फौजी पोरांची गोष्ट सांगेल. निर्मात्यांत श्वेता शिंदे, लेखक तेजपाल वाघ. संध्याकाळी सातारी बोली घराघरांत वाजेल. हे सगळं एकट्या मोजणीनं घडवलं असं मी म्हणणार नाही. पण मोजणीत आल्याशिवाय खेडं स्लॉटमध्ये आलं नसतं, हेही तितकंच खरं. ज्या भाषेला शाळेत ‘अशुद्ध’ म्हणून छडी बसली, ती प्राइम टाइमला नायकाच्या तोंडी येणं मला मोठी गोष्ट वाटते.

तक्त्यात तुमच्या साडेसातच्या मालिकेला ग्रामीण भागात पहिल्या दहा मिनिटांनंतर घसरण दिसते. का, ते तक्ता सांगत नाही. तेवढ्यात फोन वाजतो. आटपाडीहून आप्पा, तुमचे चुलते.

“आरं, ती शिरेल आमी बंद केली बग.”

“का ओ आप्पा?”

“ती बाई रेडकू न सोडताच म्हशीखाली बसली. पान्हावल्याबिगर म्हस धार दील व्हय? तुजी काकू म्हणली, ह्यांला म्हस ठावं न्हाई, माणूस काय ठावं असणार!”

तुम्ही फोन ठेवता. रिसर्चच्या टीमला जे शोधायला तीन आठवडे लागले असते, ते एका वाक्यात हातात पडलं आहे. पण आप्पा तुमचे चुलते आहेत म्हणून पडलं. ज्या घराला मुंबईत पुतण्या नाही त्याच्याकडे दोनच शब्द आहेत: चालू आणि बंद. खेड्यानं वाहिनीला काय सांगावं, त्याची वाट एवढी अरुंद पूर्वीही होती का? चला, मागं जाऊन बघू.

१९९५. मुंबईत एका छोट्या थिएटरमध्ये तुम्ही ‘बनगरवाडी’ पाहता आहात. दिग्दर्शक अमोल पालेकर, पटकथा मूळ कादंबरीचे लेखक व्यंकटेश माडगूळकर यांची, आणि पैसा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाबरोबर चक्क दूरदर्शनचा. आटपाडी तालुक्यातली लेंगरेवाडी पुस्तकात बनगरवाडी झाली, हे तुमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. पडद्यावर माळ, मेंढरं, दुष्काळ. चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळतो. दूरदर्शनच्या कुणा अधिकाऱ्यानं या फाइलवर सही केली असेल, त्याचं नाव आज कुणाला ठाऊक नाही. कार्यकारी खुर्चीतल्या माणसाचं उत्तम काम बहुधा असंच असतं: योग्य कागदावर वेळेत केलेली सही.

आणखी मागं, जुलै १९८४, दिल्ली. देशभर प्रक्षेपक उभे राहत आहेत, काही महिने तर दिवसाला एक या वेगानं. माहिती आणि प्रसारण खात्याचे सचिव एस. एस. गिल यांनी मेक्सिकोत कुटुंबनियोजनाचा संदेश देणाऱ्या मालिकांचं तंत्र पाहिलं आहे. तशीच मालिका इथं व्हावी म्हणून ७ जुलैला ‘हम लोग’ सुरू झाली. सुरुवातीचे तेरा भाग लोकांना पचले नाहीत. उपदेश फार होता. मग लेखक मनोहर श्याम जोशींनी उपदेश मागं सारला, घरातली भांडणं पुढं घेतली, आणि देश वेडा झाला. तुम्ही मंडी हाउसच्या, म्हणजे दूरदर्शनच्या मुख्यालयाच्या, एका खोलीत उभे आहात आणि समोर पत्रांची पोती आहेत. मालिका संपेपर्यंत अशी सुमारे चार लाख पत्रं येतील. मालिकेतल्या बडकीनं लग्न करावं की नाही, यावर घरोघरच्या मुलींचे सल्ले आहेत. कुणी आपलीच हकिकत चार पानं लिहिली आहे. इथं प्रेक्षकाला ‘का’ सांगायला जागा आहे. सगळी पत्रं कुणी वाचली नसतील, पण जी वाचली गेली त्यांचं वजन खोलीतल्या माणसांना जाणवत होतं.

आता २ ऑक्टोबर १९७२. मुंबईत टीव्ही सुरू होतो आहे, दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं केंद्र. हे केंद्र कार्यक्रमांचं घर होणार आहे. विनायक चासकरांचा ‘गजरा’, याकूब सईद आणि बबन प्रभूंचा ‘हास परिहास’, पुढे विजया धुमाळे यांनी पडद्यावर आणलेला ‘चिमणराव’. दूरदर्शनचा निर्माता सरकारी नोकर. कॅमेऱ्यासाठी अर्ज, गाडीसाठी अर्ज, फिल्मसाठी अर्ज. पगार ठरलेला, प्रसिद्धी अमाप, आणि जाहिरातदार अजून दारात आलेला नाही, त्यामुळे डोक्यावर आकडा नाही.

त्याच दिवशी आटपाडीत काय चाललं आहे? आभाळ कोरडं आहे. खरीप गेलं. बाया-माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत आहेत, पाझर तलावाच्या भरावावर पाट्या टाकत आहेत. मुकादम हजेरी घेतो. पोरांच्या वाट्याला सुकडी, मोठ्यांच्या ताटात परदेशातून आलेली लाल मिलो. दावणीची खिलार जनावरं मातीमोल भावानं विकली जात आहेत. ज्या माणदेशात बैलाच्या शिंगांवर घराची अब्रू मोजली जाते, तिथं रिकामी दावण बघवत नाही. मुंबईच्या प्रक्षेपकाचा आवाका इथवर पोचतच नाही. पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला चित्र दिसेल, पण पुणंही आटपाडीपासून दूर.

तुम्ही मुंबई केंद्रात ग्रामीण कार्यक्रमाच्या टेबलावर बसा. ‘आमची माती, आमची माणसं’ हा या केंद्राचा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम; शिवाजी फुलसुंदर यांच्यासारख्या निर्मात्यांनी त्याला आणि ‘गप्पागोष्टी’ला गावाचा सूर दिला. बाहेरचं चित्रण सोळा मिलिमीटर फिल्मवर. चारशे फुटांचं एक रीळ म्हणजे अकरा मिनिटं. रिळं मोजून मिळतात. समजा, कॅमेऱ्यापुढं खडी फोडणारा माणूस आहे. तुम्ही विचारलं, “किती मजुरी मिळते?” तो कॅमेरा बघून अडखळला, टोपी नीट केली, घसा खाकरला, दीड मिनिट गेलं. दुसऱ्या वेळी तो शहाणा झाला आणि साहेबांना आवडेल ते बोलला. तिसऱ्या वेळी तुम्हाला अक्कल येते. कॅमेरा गाडीतच ठेवायचा. त्याच्याशेजारी दगडावर बसायचं. त्यानं दिलेली तंबाखू मळायची. तासाभरानं तो मुकादमाविषयी, मस्टरवरच्या खोट्या अंगठ्यांविषयी, उपाशी बैलाविषयी बोलू लागतो. मग कॅमेरामनला नुसती नजर द्यायची. अकरा मिनिटांच्या रिळासाठी खर्ची पडलेला तो तास कुठल्याच हिशोबात येत नाही, पण ग्रामीण कार्यक्रमाच्या निर्मात्याची सगळी विद्या त्या तासात आहे.

ही विद्या मराठीत टीव्हीच्या आधी कुठून आली, ते बघायला सोळा वर्षं मागं जायला हवं.

१९५६, फेब्रुवारी. उत्तर सातारा जिल्ह्यातलं एक गाव. तुम्ही पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागातून आला आहात. दिवस मावळतीला लागला आहे, चावडीत सतरंजी पसरली आहे, मध्यभागी सरकारी रेडिओ. भोवती वीसेक माणसं: पाटील, दोन-तीन बागायतदार, एक सुतार, मागं दाराशी टेकून उभे असलेले दोघं ज्यांना आत बसायला कुणी सांगितलेलं नाही. त्यांना आत बोलवा. त्याशिवाय सुरू करू नका.

हा प्रयोग जगात गाजणार आहे. कॅनडात शेतकऱ्यांची रेडिओ मंडळं होती. त्या धर्तीवर युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं पुणे केंद्राच्या मराठी मुलखात हे सुरू केलं. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे, सुमारे दीडशे गावं, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा एक असे वीस कार्यक्रम. आधी ऐकायचं, मग तिथंच चर्चा करायची, मग जमेल ते करून बघायचं. खरी मेख पुढं आहे. चर्चेत काय झालं, काय पटलं, काय पटलं नाही, कुठला प्रश्न राहिला, हे मंडळाच्या चिटणीसानं कागदावर लिहून पुण्याला पाठवायचं, आणि पुण्यानं पुढच्या कार्यक्रमात त्याला उत्तर द्यायचं.

आज विषय कोंबडीपालन. रेडिओवरचा तज्ज्ञ लेगहॉर्न जातीच्या पांढऱ्या कोंबड्या पाळायला सांगून थांबतो. क्षणभर शांतता. मग दाराशी उभा होता त्यातला एक जण बोलतो.

“पांढरी कोंबडी घारीला लांबनं दिसती. तिचं काय करायचं ते त्या सायबानं सांगितलं न्हाई.”

हसू उसळतं. पाटील म्हणतात, “लिव रं ते. पुण्याला लिव.”

चिटणीस म्हणजे शाळेतला मास्तर. तो कंदिलाच्या उजेडात टाक बुडवून लिहितो: ‘पांढऱ्या कोंबड्यांस घारीपासून धोका. उपाय कळवावा.’ तुम्ही तो कागद हातात घेऊन बघा. शाई थोडी पसरली आहे, ‘धोका’ या शब्दाखाली रेघ आहे. दीडशे गावांतून आठवड्यातून दोनदा असे कागद निघतात. टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाची पाहणी केली, पॉल न्यूराथ यांनी त्याचा अहवाल लिहिला. मंडळं होती त्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ होता तिथं तेवढी वाढली नाही. काही गावांनी चर्चेतून उठून विहिरी खोदायचं ठरवलं, वळू आणले, लेगहॉर्नही आणल्या, बालवाड्या काढल्या. १९५९ मध्ये ही पद्धत देशभर नेण्यात आली.

माझ्या मते भारतीय प्रसारणातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, आणि ती आपल्या मराठी गावांत घडली. आवाज एका बाजूनं गेला आणि दुसऱ्या बाजूनं परत आला. केंद्रावरच्या निर्मात्याला समोर कोण बसलं आहे ते कळत होतं, त्याचं नाव नाही तरी त्याची घार कळत होती. पुढे मंडळं वाढली तसा उत्साह विरला, कागद येईनासे झाले, अधिकारी बदलले. टीव्ही आला तेव्हा दिल्लीभोवती टेलिक्लब निघाले खरे, पण परतीची ती वाट टीव्हीनं कधी मनापासून बांधलीच नाही. यंत्र महाग होतं, बोलणारे थोडे आणि बघणारे कोट्यवधी, अशी कारणं देता येतील. मला ती पुरेशी वाटत नाहीत. पोस्टकार्ड काही महाग नव्हतं.

एक गोष्ट मनाला लागते. त्या पाच जिल्ह्यांत आटपाडी नाही. औंध संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, आटपाडी दक्षिण सातारा जिल्ह्यात गेली, पुढे त्याचंच नाव सांगली झालं. मंडळं उत्तर साताऱ्यात होती. जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे चर्चा चालू आणि अलीकडे आटपाडीच्या चावडीत अंधार, असं ते चित्र. पण ज्या विभागानं हे कार्यक्रम चालवले त्या विभागात मात्र आटपाडी होती. ते बघायला आणखी एकच वर्ष मागं.

१ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. पुणे केंद्र सुरू होऊन दीड वर्ष झालं आहे. सकाळची वेळ, स्टुडिओबाहेर तुम्ही ड्यूटी शीट हातात घेऊन घड्याळ बघता आहात. आज ‘गीतरामायण’ या नव्या मालिकेचं पहिलं गीत जायचं आहे. कल्पना सीताकांत लाड यांची, कवी ग. दि. माडगूळकर, संगीत सुधीर फडके. वर्षभर दर आठवड्याला एक नवं गीत, नवी चाल. आजच्या भाषेत सांगायचं तर बँक शून्य. एक आठवडा कवीला ताप आला, संगीतकाराला मुंबईच्या रेकॉर्डिंगला जावं लागलं, गायिकेचा घसा बसला, तर हवेत जायला काही नाही. असा करार आज कुठलीही वाहिनी करणार नाही.

आणि पहिल्याच गीताचा कागद हरवला आहे. ही आठवण पुढे अनेकांनी सांगितली. फडक्यांकडे दिलेलं गीत सापडेना. माडगूळकर संतापले, पुन्हा लिहायला नकार दिला. लाडांनी कागद, लेखणी देऊन त्यांना खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी लावली. पंधरा मिनिटांत गीत पुन्हा कागदावर उतरलं. तुम्ही त्या बंद दारापाशी उभे राहून लाडांकडे बघा. आतला माणूस मराठीतला मोठा कवी आहे आणि त्यांचा मित्रही. चुकलं असतं तर मैत्री आणि मालिका दोन्ही गेली असती. निर्मात्याला कविता लिहिता यावी लागत नाही, पण कविता कुणाच्या आत आहे आणि कडी कधी लावायची, हे त्याला कळावं लागतं.

मधे अधिक महिना आला, बेत वाढला, आणि पुढच्या एप्रिलपर्यंत ५६ गीतं झाली. फडके स्वतः गायले; माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके, लता मंगेशकर असे कंठ लाभले. वर्तमानपत्रं गीतांचे शब्द छापू लागली. हा कवी शेटफळ्यात जन्मलेला, माडगूळ गावचा. आटपाडी तालुक्याच्या मातीत वाढलेला. गावच्या रानातल्या ज्या पत्र्याच्या खोलीला लोक ‘बामणाचा पत्रा’ म्हणतात, तिथं बसून लिहिणारा माणूस. ‘गीतरामायण’ ज्या सोप्या मराठीत आहे ती पुस्तकातली नाही. घरातल्या बायकांनी ओवी म्हणताना घासून गुळगुळीत केलेली ती भाषा आहे.

त्याच १९५५ मध्ये त्यांचा धाकटा भाऊ व्यंकटेश पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात रुजू होतो. त्याच वर्षी ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपानं येते. बाळकृष्ण केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री आहेत. त्यांच्या काळात लेखक-कलावंतांना निर्माते म्हणून आकाशवाणीत घ्यायचं धोरण आलं, पु. ल. देशपांडेही त्याच काळात इथं होते आणि पुढे दिल्लीत टीव्हीच्या पहिल्या निर्मात्यांत गेले. केसकरांनी चित्रपटगीतं रेडिओवरून हद्दपार केली म्हणून त्यांना आजही नावं ठेवली जातात. लेखकांना स्टुडिओत आणल्याचं श्रेय मात्र सहसा कुणी देत नाही.

व्यंकटेश माडगूळकर पुढे निवृत्तीपर्यंत याच नोकरीत राहिले. आपण त्यांना कादंबरीकार, कथाकार, शिकारी, चित्रकार म्हणून ओळखतो. तुम्ही मात्र आज त्यांना निर्माता म्हणून बघा. ग्रामीण कार्यक्रमाचं टेबल म्हणजे रोजचा रगाडा: बाजारभाव, हवामान, खतांची माहिती, तज्ज्ञाचं बोजड भाषण सोपं करणं, खेड्यातून आलेल्या माणसाला माइकपासून किती अंतरावर बसवायचं ते दाखवणं. माइकपुढं लांब वाक्य चालत नाही. श्वास पुरत नाही आणि ऐकणारा हरवतो. त्यांच्या गद्यातली छोटी, ठाम, कानाला लागणारी वाक्यं वाचताना मला हे टेबल आठवतं. कुणी म्हणेल, ती शैली ‘माणदेशी माणसं’मध्येच होती, म्हणजे नोकरीच्या सहा वर्षं आधी. बरोबर. म्हणूनच तर आकाशवाणीला त्यांची गरज होती. खेड्याचं सोंग आणणारी, ‘आरं-कारं’ पेरलेली खोटी बोली रेडिओवर फार सहज शिरते. ती थोपवायला ज्याच्या कानात खरी बोली आहे असा माणूस टेबलावर लागतो.

ती त्यांच्या कानात कशी शिरली, ते बघायला चाळीसच्या दशकातल्या लेंगरेवाडीत उतरा. औंध संस्थानचा मुलूख. धनगरांची वाडी, मूठभर घरं, माळावर मेंढरं. शाळेत एक कोवळ्या वयाचा मास्तर आहे. पोरं मेंढरांमागं गेल्यानं शाळा रिकामी. मास्तर लोकांत जाऊन बसतो. कुणाचं पत्र लिही, कुणाची नोट मोडून आण, कुणाच्या भांडणात मध्ये पड. तो फारसा बोलत नाही. ऐकतो. त्याच्याकडे ना माइक आहे ना कॅमेरा, आणि वाडी त्याला सगळं सांगते आहे.

आता एकदम पुढे या. डिसेंबर २००८, म्हसवड, सातारा जिल्ह्याचा माण तालुका. याच गावात चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये बायकांची माणदेशी बँक उभी केली. आता तिथं ‘माणदेशी तरंग’ नावाचं सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू होतं आहे, ९०.४ मेगाहर्ट्झवर. एक छोटा स्टुडिओ, भिंतींना आवाज शोषणारं अस्तर, एक कन्सोल. याच केंद्रावर पुढे केराबाई सरगर यांच्यासारख्या खेड्यातल्या वयस्क बाई निवेदक होतात, स्वतःच्या ओव्या आणि गाणी म्हणतात. लोक फोन करतात, चुका काढतात, पुढच्या वेळी कुणाला बोलवायचं ते सांगतात. १९५६ च्या त्या कागदाची वाट इथं पुन्हा उघडली आहे, आणि कंदिलाच्या उजेडात टाक बुडवायची गरजही राहिलेली नाही.

पण अशा प्रक्षेपकाचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच जातो. आटपाडी त्याच्या पलीकडे.

तेव्हा तुमच्यासारख्या, स्लॉट आणि बँक आणि प्रोमो यांत आयुष्य गेलेल्या माणसाला मी एक काम सुचवतो, आणि ते मनापासून सुचवतो. २००६ पासून तीन वर्षं जुन्या नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेलाही सामुदायिक रेडिओसाठी माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करता येतो. शैक्षणिक संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रं पात्र आहेतच. अट अशी की निम्मे तरी कार्यक्रम तिथल्या लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत. तुमच्या ओळखीत अशी एखादी संस्था असेलच. त्यांच्याकडे जा. प्रक्षेपक, मनोरा, परवाना यांची माहिती मिळवणं तुम्हाला अवघड नाही. याहून किचकट फायली तुम्ही हाताळल्या आहेत.

कार्यक्रमांचा आराखडा मात्र मुंबईत बसून करू नका. शेटफळे, दिघंची, करगणी, खरसुंडी, निंबवडे, माडगूळ, लेंगरेवाडी, प्रत्येक ठिकाणी एक वही ठेवा आणि मास्तरांना, अंगणवाडीताईंना, मेंढरांच्या बाजारातल्या हेड्यांना सांगा, की लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. डाळिंबावरचा तेल्या, टेंभूच्या पाण्याची पाळी, शनिवारच्या बाजारातले मेंढीचे भाव, पोरीला नर्सिंगला कुठं घालावं, असलं काहीही. पहिल्या वीस कार्यक्रमांचे विषय त्या वह्यांतून घ्या. प्रत्येक कार्यक्रम संपल्यावर अर्धा तास फोन मोकळा ठेवा, आणि पुढचा कार्यक्रम सुरू करताना आधी मागच्या वेळच्या प्रश्नांची उत्तरं द्या.